होडीतला सर्वांत वयस्कर

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात मशीन बसवायला एक इंग्रज साहेब आला होता. आमच्या डब्यातला ठेचा खाऊन डोळे पुसत तो समुद्रकाठच्या आपल्या चाळीस घरांच्या गावाबद्दल सांगायचा. तिथं जाळं फाटलं, की होडीतला सर्वांत वयस्कर माणूस दोष स्वतःवर घेई.

"आमच्या कुरुळीत म्हातारं पयलं पोराकडं बोट दावतंय, सायेब!" आमचा फिटर म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगताच साहेब पोट धरून हसला.

मी नोकरीत नवा होतो. एकदा मी तेल न भरताच साहेबानं बसवलेलं मशीन चालू केलं आणि ते जळालं. "चूक माझी," साहेबानं मॅनेजरला सांगितलं. काम अर्धवट टाकून त्याला परत जावं लागलं.

गाडीत बसताना त्यानं हसत हात पुढे केला. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हॅपी जर्नी, सर!"