कुंदाचा एका दिवसाचा संसार

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळचं काम : कुंदाच्या नारायण पेठेतल्या दोन खोल्यांमधले डाळ-तांदळाचे डबे रिकामे करणे. तिचा भाऊ हडपसरला असतो. त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, स्वयंपाकघर तेवढं तू बघ, माझ्याने होत नाही. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तुरीच्या डाळीला जाळी धरायला लागली होती. डाळ टाकली, तांदूळ खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिले, तिखट-मसाले मी घरी आणले. कुंदानेही हेच केलं असतं, वर मी नेमका चांगला मसालाच कसा उचलला, तेही ऐकवलं असतं.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका दुकानात बिजागऱ्यांचा भाव करत होते. छातीत दुखतंय म्हणून ती स्वतःच रिक्षा करून दवाखान्यात गेली, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी फोन ठेवला, भाव पक्का केला, माल कुठे पाठवायचा ते सांगितलं आणि मग दुकानदाराच्या स्टुलावर बसले. बिजागऱ्या तिच्याच कामासाठी होत्या... धायरीच्या साईटवर मजुरांच्या खोल्या उभ्या राहत होत्या, त्यांच्या दारांना.

आम्ही दोघी एकाच बिल्डरकडे नोकरीला. मी खरेदी बघते, ती सिव्हिल इंजिनिअर. इमारती बाकीचे बांधायचे, कुंदा इमारत बांधणाऱ्यांच्या खोल्या बांधायची. या खोल्या पत्र्याच्या, इमारत पुरी होईपर्यंतच्या. मग पत्रे सोडवून पुढच्या साईटवर. त्यामुळे त्यात कोणी जीव घालत नाही. आमचे साहेब एकदा तिला म्हणाले, "कुंदाताई, तात्पुरतं काम आहे हो." ती म्हणाली, "आपल्याला तात्पुरतं. त्यांची मुलं अशाच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मोठी होतात." साहेबांनी चहा मागवला. उत्तर सुचलं नाही की ते चहा मागवतात.

तिची एक पद्धत होती. खोल्या तयार झाल्या की कुटुंबं यायच्या आधी ती तिथे एक दिवस संसार करायची. शब्द तिचाच. स्टोव्ह, तवा, बादली, धुवायला एक साडी असं सगळं पिशवीत घालून सकाळी जायची, स्वयंपाक करायची, जेवायची, कपडे धुवायची, वाळत घालायची आणि दुपारी पत्र्याखाली चटईवर पडून राहायची. मला बरोबर न्यायची. मी म्हणायचे, मला ऑफिसात कामं आहेत. ती म्हणायची, ही ऑफिसचीच आहेत. हडपसरच्या साईटवर ऐन मे महिन्यात आम्ही पहिला असा संसार केला. पोळ्या करताना धूर पार्टिशनच्या वरून शेजारच्या खोलीत गेला, आणि नळाखाली हंडा बसेना. नळ मी घेतलेले, चांगल्यापैकी घेतलेले. कुंदा रिकामा हंडा मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "नळ तू घेतलास. हंडा कोणाला विचारून घ्यायचा होता?" सगळे नळ वर घ्यावे लागले.

सगळ्यात तिचा जीव कडीत. संडासात, न्हाणीघरात आत जाऊन कडी लावायची आणि मला बाहेरून दार ढकलायला सांगायची. मी ढकलायचे. आतून आवाज यायचा, "अगं, दारू प्यायलेला माणूस असा ढकलतो का?" मग मी खांदा लावायचे. एकदा कडी स्क्रूसकट उखडली आणि मी आत तिच्यावर, बादलीवर, दोघी ओल्या जमिनीवर. खाली पडल्या पडल्याच ती म्हणाली, "नापास."

हडपसरच्याच साईटची गोष्ट. इमारतीचे स्लॅब वर चढत गेले तशा बायका उजाडायच्या आत अंघोळी उरकायला लागल्या, आणि ओल्याच साडीने कामावर दिसायला लागल्या. न्हाणीघरं बांधलेली होती, दारं होती, कड्या पास झालेल्या होत्या. वर छप्पर मात्र नव्हतं. वारा खेळतो, जमीन वाळते, म्हणून सगळीकडेच ठेवत नाहीत. कुंदा कोणाला काही न विचारता तिसऱ्या स्लॅबवर चढली आणि तिथून खाली बघत बराच वेळ उभी राहिली. उतरली तेव्हा तिचा चेहरा मला आवडला नाही. "या बायका अंगावर साडी ठेवून अंघोळ करतात," एवढंच म्हणाली. आठवड्याच्या आत छपरं घातली गेली. पुढे प्रत्येक साईटवर न्हाणीघराला छप्पर घातल्याशिवाय तिने एकही कुटुंब आत घेतलं नाही.

मी भाबडी नाही. गेलेलं माणूस गेलेलं असतं. पण या तीन आठवड्यांत एक गोष्ट झाली आहे, ती सांगते. मी घरी बाथरूमची कडी लावते आणि थांबते... दार ढकललं जाईल म्हणून. अंगावर पाणी घ्यायचं सोडून दाराकडे बघत उभी राहते. एकदा तर स्पष्ट वाटलं, पलीकडे कोणीतरी खांदा लावून उभं आहे. श्वास घेतंय. मी म्हणाले, "ढकल ना." बाहेरून आमच्या ह्यांनी विचारलं, आत कोणाशी बोलतेस? मी नळ सोडला.

तर त्या मंगळवारी डबे धुऊन पालथे घालत होते, तेवढ्यात धायरीच्या सुपरवायझरचा फोन आला. वाशीमकडची कुटुंबं उद्या दुपारी पोचतायत, पाण्याची पिंपं कुठे उतरवू? मी विचारलं, खोल्या कोणी बघितल्या का? "सगळं झालंय मॅडम. फिनिश." झालं होतं, फक्त तिथे संसार कोणी केला नव्हता. ओले हात पुसले आणि रिक्षा केली.

खोल्या छान दिसत होत्या. नळ उंच होते, पार्टिशन छतापर्यंत होतं. बायकांच्या न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि पुन्हा तेच, थांबले. बाहेर पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मी पाठ दाराकडे केली, तरी मागे कोणीतरी असल्यासारखं मानेवर जाणवत राहिलं. आणि दार ढकललं गेलं.



"कोण हाय आत?" बाहेरून वॉचमनच्या बायकोचा आवाज आला. मी म्हणाले, "ढकला जोरात. कडी बघायचीय."

"त्या दुसऱ्या बाई मागल्या साईटवर बी असंच करायला लावायच्या," ती म्हणाली. "त्या न्हाई आल्या?"

"त्या वारल्या."

बाहेर बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिने दणकून खांदा मारला. कडी टिकली. मी सुटकेचा श्वास टाकून मान वर केली, तर वर आभाळ. आणि आभाळाच्या कडेला चौथा स्लॅब, त्यावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकणारा एक माणूस. आमची नजरानजर झाली आणि त्याने सभ्यपणे मान वळवली. त्याने मान वळवली आणि मला, अंगावर पूर्ण कपडे असताना, पदर ओढून घ्यावासा वाटला.

साहेब साईटवरच्या ऑफिसात होते. म्हणाले, अहो नीलाताई, घालू की छप्पर, पुढच्या महिन्यात. आधी लोकांना येऊ तर द्या. मी म्हणाले, पत्रे कुंपणापाशी पडलेत, मीच आणलेत. ते म्हणाले, माणसं स्लॅबवर अडकलीत. मग मी जे बोलले ते आधी ठरवलेलं नव्हतं.

"उद्या सकाळी नऊला मी इथे अंघोळीला येणार आहे. तुमची माणसं तेव्हा वर असतील. छप्पर घालायचं की नाही, ते तुम्ही बघा."

"कुंदाताई अंगात आल्या का तुमच्या?" साहेब चेष्टेतच म्हणाले, पण हसले नाहीत. मीही हसले नाही. त्यांनी चहा मागवला. मी न घेता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली, टॉवेल, साबण घेऊन धायरीला गेले. रस्ताभर कोणीतरी शेजारी बसलं असल्यासारखी मी रिक्षाच्या एका कडेला सरकून बसले होते. साईटवर पोचले तर पत्रे चढले होते, सहाही न्हाणीघरांवर. वॉचमनच्या बायकोने बादली भरून दिली. पाणी गार होतं. मी आत गेले, दार लावलं, कपडे खुंटीला टांगले. वर स्लॅबवर ठोकाठोकी चालू होती, माणसं एकमेकांना हाका मारत होती. मी पाटावर बसले आणि सावकाश, अंगभर साबण लावून अंघोळ केली.