हस्तापर्यंत तेरा

पूर्वा नक्षत्र संपता संपता माझ्या दोस्ताच्या, बापूच्या मुलाची चिठ्ठी आली. चारच ओळी, बापू गेल्याच्या. दादा सकाळी रानातून आले, सोप्यात टेकले आणि तिथंच गेले... मी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली आणि मनात आलं, पूर्वा म्हणजे अकरावं. नक्षत्रं मोजायची ही खोड मला बापूनंच लावली.

लढाई संपली आणि सेहेचाळीसच्या उन्हाळ्याच्या तोंडाला तो ब्रह्मदेशातून गावी आला, तो काठी टेकत. ट्रक उलटून उजवा गुडघा आखडला होता. आमचं गाव औंध संस्थानातलं. सूर्यनमस्कार शाळेच्या वेळापत्रकातच असायचे आणि ते घालून घेणारा मास्तर मी. बापूच्या वडिलांनी, आबांनी, त्याच्यासाठी पाखरं राखायचा माळा नेमून टाकला होता. चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे दिवसभर ढेकळांतून पाभरीमागं चालत बी सोडायचं, ते काम आता धाकट्या भावाचं. बापूला माळ्यावर बसायचं नव्हतं. हस्तातली शाळूची पेर त्याला स्वतःच्या मुठीनं करायची होती.

मी उत्साहानं रोजचे पंचवीस नमस्कार सांगितले. तो हसला. "मास्तर, रान एका दिवसात पिकतंय व्हय? नक्षत्राला एक वाढवायचा. अश्विनीत एक, हस्तात तेरा. तवर पेरायजोग्या रानागत गुडघा बी वापशावर येईल." अश्विनीच्या पहिल्या सकाळी त्यानं अंगणात लष्करातलं कांबळं अंथरलं. मी तंबाखू मळली, चुना लावला, दाढेत धरली, तरी गडी एका नमस्कारातून उठतच होता. मी हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही.

मृगात पाचांवर आला आणि माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. बाजरीची पेर सुरू होती. पाच नमस्कार घालतोस, मग चाड्याला काय भितोस, असं मी त्याला चारचौघांत डिवचलं. तो गेला. दुसऱ्याच फेरीला गुडघा दुमडला, त्यानं पाभरीलाच मिठी मारली, बैल बुजले आणि पाभर तिरकी ओढली गेली. आबांनी चाडं धाकट्याच्या हातात दिलं. शिव्या परवडल्या असत्या. आठवड्यात बाजरी उगवली आणि वाकडी तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, अगदी रस्त्याकडेला दिसू लागली. औंधच्या बाजाराला जाणारा प्रत्येक जण तिथं थांबून हसायचा. लाज मला वाटायला हवी होती आणि वाटतही होती. मी आठवडाभर त्या वाटेला फिरकलो नाही. शेवटी तोच काठी टेकत शाळेच्या दारात आला. "आर्द्रा निघाल्या, मास्तर. सहा."

पुढं आबा ती तासं मोडायला निघाले, तर बापू आडवा आला. "ऱ्हाऊ द्या, आबा. वाकड्या तासाला कणीस येत न्हाई व्हय?" आली की कणसं, सरळ तासांइतकीच भरलेली.

हस्त निघाला. त्या सकाळी तेरा नमस्कार घालून तो रानात गेला, काठी अंगणातच ठेवून. आबांनी स्वतः बैलांचा कासरा धरला आणि मागं न बघता म्हणाले, "चाड्यावर तू." संध्याकाळपर्यंत बापू लंगडत होता, आणि थोडासा जन्मभर लंगडला. पण त्या दिवशीची तासं सुतासारखी सरळ होती. बांधावर बसून मी सगळ्यांसमोर रडलो.

परवा त्याच्या घरी गेलो. ते कांबळं सोप्यातल्या खुंटीवर होतं, मधोमध विरलेलं. मी भिंत धरत बसलो ते सरूवहिनींनी, बापूच्या बायकोनं, पाहिलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय, आता अश्विनीपासून धरीन म्हणतो, असं मी सांगितलं. त्या उठल्या आणि कांबळं काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "अश्विनी लय लांब हाय, मास्तर. जे निघालंय त्यातच धरा."

सध्या हस्त चालू आहे. आज सकाळी कांबळं अंथरून एक नमस्कार घातला. उठायला फार वेळ लागला. मुलगा हात द्यायला धावला, तो मी घेतला नाही. चित्रा निघायला अजून नऊ दिवस आहेत. मग दोन.