चार नंबरचा बूट

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या आईस्क्रीमच्या कारखान्यात नाथाजी रोज सकाळी बूट फिरवायला निघतात. एका गमबुटात वजनं भरून तो बरोब्बर दहा किलोचा करायचा, त्याला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवायचा आणि ओल्या फरशीवरून हळूहळू ओढायचा. बूट सरकायला काट्यावर पाच किलो किंवा जास्त लागले तर फरशी पास. कमी लागले तर फरशी निसरडी, तिथं लाल खुर्ची ठेवायची. मग घासून पुन्हा मोजेपर्यंत मालकांनीसुद्धा तिथून जायचं नाही.

कारखान्यात सेफ्टीचं काम बघणारे नाथाजी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येकजण मेजरच असतो, तसे तेही मेजर. कुत्रं फिरवावं तसा बूट फिरवतात म्हणून आम्ही पॅकिंगवाले त्यांची टिंगल करायचो. मेजर ढिम्म. गेटवरच्या ‘अपघाताविना दिवस’ या बोर्डावरचा आकडा ते रोज स्वतःच्या हातानं बदलायचे. गेल्या खंडेनवमीच्या तोंडावर तो चारशे अकरावर होता आणि मेजरांची छातीही त्या मानानं फुगलेली होती.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा, म्हणजे पायताणं बाहेर. आदल्या दिवशी दुपारी मेजरांच्या ध्यानात आलं, की उद्या सगळे अनवाणी आणि आपण आजवर मोजले ते नुसते बूट. अनवाणी पाय कुठून आणावा म्हणून ते इकडंतिकडं बघायला लागले, तर समोर सफाईच्या भामाबाई फरशी धूत होत्या. साबणाच्या पाण्यात, अनवाणी.

रोजच असायच्या. त्यांना मिळालेले बूट आठ नंबरचे, पाय चार नंबरचा. भामाबाई पुढं जायच्या आणि बूट मागं राहायचा, म्हणून त्यांनी ते केव्हाच खुंटीला लावले होते. आम्हा कुणालाच त्यात वावगं दिसलं नव्हतं, याची मला आजही लाज वाटते.

जरा पाय मोजू द्या म्हणत मेजरांनी काटा पुढं केला. भामाबाई हसल्या.

“आवं मेजर, काटा कशाला? मी दोनदा पडलीया की हितं.”

“कवा? मला का न्हाई सांगितलं?”

“तुमी रोज एवढ्या हौसंनं आकडा बदलता. माज्यापायी बोर्ड कशाला खराब करायचा?”

मेजर तडक गेटवर गेले, चारशे अकरा पुसले आणि तिथं शून्य लिहिलं. मॅनेजर धावत आले, उद्या पाहुणे येणार, निदान पूजेपर्यंत तरी थांबा म्हणाले. मेजरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शून्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी ठणठणीत होईपर्यंत पाहुणेही दारातच ताटकळले.

दिवाळीआधी चार नंबरचे गमबूट आले. मेजरांनी त्यातला एक भरला आणि ओल्या फरशीवरून ओढला. भामाबाई बादली खाली ठेवून बघत होत्या. काटा सहावर गेला. मग मेजरांनी वजनं काढली, बूट आतून आपल्या रुमालानं पुसला आणि खाली वाकून त्यांच्या पायाशी ठेवला.