ओल्या रेतीतला माठ

नंदा हृदयविकारानं गेली नाही. तिच्या भावानं पेपरातल्या चौकटीत तसं छापून आणलं, तेरवीला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं आणि लोकांनीही मान डोलावून ऐकून घेतलं. मी मात्र अकोल्यात तिच्याबरोबर एका शाळेत शिकवलं, एका खोलीत राहिले, एका ताटात जेवले. मला हे खोटं गिळता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

फोन विलासदादाचा, तिच्या भावाचाच होता. शाळेतून येऊन मी चहा टाकला होता. "मॅडम, नंदा सुटली एकदाची," तो म्हणाला. सुटली! जसं काही आम्ही सगळे तिची दोरी सोडायलाच बसलो होतो... मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "अन् कोणी पुसलं तं हार्ट अटॅक सांगजा. ऋतुजाले पाहाले पाव्हणे येऊन राहिले." बहिणीची चिता पेटायची होती आणि ह्याला पोरीच्या सोयरिकीची काळजी. चहा उतू गेला. मी शेगडी पुसत बसले, कारण फोनवर मला त्याला काय म्हणायचं होतं ते शेजाऱ्यांनी ऐकण्यासारखं नव्हतं.

नंदाला साखरेचा आजार लहानपणीच लागला, पाचवी-सहावीत असताना. म्हातारपणी होतो, गोळीवर भागतो, तो हा नव्हे. ह्यात शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशी मारून टाकते. मग जन्मभर सुई. अंजनगाव सुर्जीला त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. घरात फ्रिज होता, पण तिची इन्सुलिनची बाटली त्यात ठेवायची नाही, असा हुकूम होता. पाहुणे पाणी प्यायला फ्रिज उघडतात, बाटली दिसली तर गावभर होईल. म्हणून नर्सरीच्या शेडमध्ये मोठ्या माठात रेती, रेतीत छोटा माठ आणि त्यात तिची बाटली. सकाळ-संध्याकाळ रेती ओली करायची. ऐन उन्हाळ्यात कलमांना पाणी द्यायला गडी असायचा, तिच्या रेतीला तीच. बाहेरच्या कुणी पाहिलं तर सांगायचं, कलमांचं औषध आहे.

तिला एक स्थळ आलं होतं. दर्यापूरचा मास्तर, तिच्या आजाराचं ऐकूनही तयार असलेला. नकार मास्तरानं दिला नाही, नंदाच्या बाबांनी दिला. जंबेरी लिंबाच्या खुंटावर चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे अंकुराचा तुकडा, बांधायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते नंदाला समोर बसवून म्हणाले, "रोगट झाडाचा डोळा कोनी घेत नाई, बाई. हे आपल्यापाशीच थांबलं पायजे." तिनं वाद घातला नाही. बी.एड. केलं, अकोल्याला नोकरी धरली, येताना तो माठ एसटीत मांडीवर घेऊन आली. इकडे विलासदादाचं लग्न धूमधडाक्यात झालं. तो धडधाकट, पैलवानासारखा. बाबांच्या हिशेबानं रोग नंदाबरोबर संपणार होता आणि घराणं दादाकडून पुढे जाणार होतं.

गेलं ना पुढे. एका दिवाळीला नंदा माहेरी गेली, तर दादाची थोरली ऋतुजा, आठ-नऊ वर्षांची पोर, सारखी पाण्याच्या माठापाशी. फ्रॉक अंगावर लोंबत होता, आणि इतकी मोठी झालेली पोर पुन्हा अंथरूण ओलं करत होती. वहिनी म्हणत होत्या जंत झाले, आजी म्हणत होती नजर लागली. नंदानं विचारलं नाही की सांगितलं नाही, आपलं मशीन काढलं, नवी सुई लावली आणि पोरीचं बोट टोचलं. साखर इतकी होती की मशीनला आकडाच दाखवता येईना. भाड्याची गाडी करून तिनं पोरीला अमरावतीला नेलं, म्हणून पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती.

आणि घरी आल्यावर वहिनींनी काय विचारलं? "ताई, तुमची सुई कावून टोचली पोट्टीले? तुमचंच लागलं तिले." हे त्या पोरीसमोर बोलल्या. मग नंदाचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. डॉक्टरांनी बाबांना बसवून समजावलं होतं की हा आजार सुईनं लागत नाही, पण त्याकडे झुकणारा कल रक्तातून येतो. आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. बहिणीत उठलेलं भावात आयुष्यभर गप्प बसू शकतं आणि त्याच्या लेकरात उठू शकतं. उठेलच असंही नाही, पुष्कळांत उठत नाही. बाबांनी हजारो कलमं बांधली, पण दोन्ही लेकरं एकाच झाडाचे डोळे आहेत एवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते ऐकून नर्सरीत जाऊन बसले. नंदाची माफी मात्र कुणी मागितली नाही, त्यांनीही नाही.

ऋतुजा कॉलेजला अमरावतीला गेली तशी आत्या-भाचीची गट्टी जमली. साखरेपायी नंदाची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा डायलिसिससाठी ती ऋतुजाच्याच भाड्याच्या खोलीत राहिली. आमची शेवटची भेट तिथलीच. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, आणि बाई बोलत होती दुसऱ्याच गोष्टीचं. ऋतुजाची धाकटी बहीण मीनल. आता एक रक्ततपासणी निघाली आहे, आजार दिसायच्या कितीतरी आधी आतलं युद्ध सुरू झालं का ते कळतं. भावंडांची करून घ्या, असं डॉक्टर सांगतात. वेळेवर कळलं तर पोर निदान बेशुद्ध होऊन दवाखान्यात पोचत नाही. नंदा दादाच्या हातापाया पडली होती. त्याचं उत्तर तिनं मला हुबेहूब त्याच्या आवाजात ऐकवलं, "पाह्यलं का सापडते. नाई पाह्यलं तं काही नसते." आणि हसली... मग माझा हात धरून म्हणाली, "मंगल, तेवढं मीनलचं पाहून घेजो व. माह्यासारखं रेतीत लपवतीन ते तिले."

तेरवीला मी अंजनगावला गेले. जेवणं झाल्यावर ते सोयरिकीचे पाहुणे सांत्वनाला म्हणून आले, नजर सगळी ऋतुजाकडे. त्यांच्यातल्या एका बाईनं पाण्यासाठी फ्रिज उघडला. दारातच इन्सुलिनच्या बाटल्या, त्या दिवशीच्या घाईत लपवायच्या राहिलेल्या. वहिनी चटकन म्हणाल्या, "नंदाताईच्या राह्यल्या, टाकाच्या हायेत." मेल्यावरही नंदा त्यांच्या कामी आली. ऋतुजा उठली. तिनं बाटली काढली, सुई भरली, पाहुण्यांसमोर सोफ्यावर बसून पोटात टोचून घेतली आणि म्हणाली, "आत्याच्या नाईत. माह्या हायेत. आत्याले हार्ट अटॅक नाई आला, तिले हेच होतं. अन् मीनलले मी उद्या अमरावतीले नेऊन राहिली तपासाले." पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला. ते पुन्हा आले नाहीत. विलासदादा सगळ्यांसमोर ओरडला, "आत्यावर गेली पोट्टी!" खरंच बोलला. नंदाबद्दल त्या घरात निघालेला तो पहिलाच चांगला शब्द, आणि तोही त्यानं शिवी म्हणून वापरला.

मीनलच्या तपासणीला मी बरोबर होते. रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला. साखर अजून बरोबर आहे, पण रक्तात त्या खुणा सापडल्या. सुरुवात झाली आहे. किती वर्षं लागतील ते डॉक्टर सांगू शकत नाहीत. तहान वाढली, वजन उतरलं की लगेच या, म्हणाले. संध्याकाळी विलासदादाचा फोन आला. मला वाटलं, रडेल. तो म्हणाला, "पाह्यलं ना मॅडम? तुमी पाहाले लावलं, म्हनून सापडलं."

ही सगळी नावं मी ऋतुजाला विचारूनच लिहिली आहेत. "मावशी, माहं पयले लिहा," ती म्हणाली. नंदाचा माठ माझ्या खिडकीत, सगळ्यांना दिसेल असा आहे. फ्रिज असूनही तिनं तो टाकला नव्हता. आमच्या अकोल्यात लाईट कधी जाईल आणि किती वेळ जाईल याचा नेम नाही. ती गेल्यापासून रेती कोरडीच पडली होती. काल मी ती काढून टाकली, नवी आणून चाळली, धुऊन भरली, आणि आज सकाळी ओली केली. छोटा माठ अजून रिकामा आहे.