लिंबाच्या वासाचे रुमाल

लग्नानंतर मी पवनारहून बसने वर्ध्याला नोकरीला जाऊ लागले, तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. पहिल्याच एप्रिलात कळलं, की ऑफिसात पोचेपर्यंत माणूस घामानं निथळून जातं. अत्तर घरात होतं, पण लग्नाकार्याचं. रोज लावलं असतं तर मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या असत्या, "कोणाच्या वरातीत चालली वं?"

मी उपाय काढला. सरबताला पिळलेल्या लिंबांच्या साली रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि धुतलेले रुमाल शेवटी त्या पाण्यातून काढायचे. वाळवायचे सावलीत, उन्हात वास उडतो. मग डब्यात घडीवर घडी, मध्ये लिंबाची पानं. माहेरी आष्टीला संत्र्याची बाग, तिथल्या वाळक्या साली साड्यांमध्ये. बसमध्ये रुमाल नाकाशी धरला की जिवाला थंड वाटायचं.

आमच्याच गल्लीतल्या एक काकू त्याच बसला असत. नवी सून, आंबट वास, तोंडाशी रुमाल. मला न विचारताच त्यांनी अर्थ लावला.

एका संध्याकाळी घरी आले तर मामीजी दृष्ट काढायला मीठमोहऱ्या घेऊन दारात उभ्या.

"आता बसचे धक्के नको खाऊ. राजीनामा देऊन टाकजो."

"काऊन मामीजी?"

"मलेच इचारून राह्यली! साऱ्या पवनारले मालूम, अन् सासूलेच नाई!"

मला नोकरी सोडायची नव्हती. मी डबाच त्यांच्यापुढे उघडला. "दिवस नाई गेले, मामीजी. घामाचा वास येऊ नये म्हणून हे."

त्यांचा चेहरा पडला. मीठमोहऱ्या ताटलीतच राहिल्या. मग त्यांनी एक रुमाल उचलून हुंगला. पुन्हा हुंगला.

"भजनाले बायांच्या गर्दीत मले लय गुदमरते," त्या म्हणाल्या, आणि रुमाल कमरेला खोचला. राजीनाम्याचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही.

पुढे खरंच दिवस गेले, तेव्हा लिंबाचा वास मला अजिबात सोसेना. मी साधा रुमाल नेऊ लागले. काकूंना संशयही आला नाही. मामीजींनी मात्र ओळखलं.

"रुमालाचा डबा उघडून नाई राह्यली तू," सकाळी माझ्या हातात जेवणाचा डबा देत त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता पुन्हा राजीनाम्याचं निघणार.

"मागच्या सीटवर धक्के लागते," त्या म्हणाल्या. "समोर बसजो."