पंधरा दिवस चालव, मग आण

पद्माक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी चपला. हेब्बाळच्या रस्त्याला तिचं गाड्यांची चाकं सरळ करायचं दुकान. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावर बसून चपला काढल्या, तर तिनं एक उचलून उलटी केली. "डाव्या पायावर भार टाकता तुम्ही. उजवा गुडघा दुखतो, अल्ला? हो ना?" दुखत होता. दहा वर्षं दुखत होता, आणि माझ्या पोटच्या पोराला ते माहीत नव्हतं. त्याच दिवशी ही बाई माझ्या मनातून उतरली.

मंजू माझा एकुलता एक. तो दोन वर्षांचा असताना हे गेले. मी अगरबत्त्या वळल्या. सकाळी पाटासमोर बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. बोटं काळी झाली, नखातली काळी पूड कधी गेलीच नाही. तक्रार नाही, पोर शिकलं. कारखान्यात लागला, जुनी गाडी घेतली. मग रविवार आला की गाडी काढून पद्माक्काकडे. जेवण तिथंच. घरी येऊन मलाच सांगायचा, "अक्कानं आज हुळी काय केली होती." डाळीची हुळी मीही करते. तीस वर्षं खाल्ली, त्यावर एक शब्द नाही.

तीही विधवाच. तिच्या घरचे आमच्यासारखेच पिढ्यांमागं राजाच्या घोडदळाबरोबर इकडे कन्नड मुलखात आलेले. घरात मराठी, त्यात निम्मं कन्नड. नवरा गेल्यावर दीर दुकान विकायला निघाला, तेव्हा ही पदर खोचून गाडीखालच्या खड्ड्यात उतरली आणि काम शिकली. मूलबाळ नाही. लोक म्हणायचे, केवढी धीराची बाई. मला कधी कोणी म्हटलं नाही. पाटासमोर बसलेल्या बाईचा धीर दिसत नाही.

मग मंजूच्या डोक्यात आलं, गाडी बुटकी करायची. जुन्या स्प्रिंगा काढून आखूड घालायच्या, म्हणजे गाडी रस्त्याला धरून पळते म्हणे. मी महिनाभर सांगितलं, बाबा, मला त्यात बसायचं असतं, उठायचं असतं. ऐकलं नाही. पद्माक्का म्हणाली, "चार बोटं नको, दोनच बोटं उतरवू. आईला उठायचंय." हा म्हणाला, "बरं अक्का." झालं.

काम होतं त्या रविवारी मीही गेले. सुम्मने, उगीच आपलं बघायला म्हणून. मंजू बाही सारून तिच्या हाताखाली राबत होता. घरात कधी तांब्या विसळला नाही. जुनी स्प्रिंग आवळून आवळून तिनं बाहेर काढली, नवी बसवली. हा लगेच बोल्ट पिळायला लागला, तर ती म्हणाली, "आत्ता नको कंदा. चाकं जमिनीला टेकू दे. आपल्या वजनावर उभी राहिली की आवळ. लटकत असताना आवळलंस तर आतलं रबर पिळून फाटतं." कंदा म्हणजे बाळ. तीस वर्षांच्या माझ्या पोराला ती बाळ म्हणत होती, आणि तो ऐकत होता.

मंजू हात धुवायला गेला. तेवढ्यात तिला दुसऱ्या गाडीकडं कोणी हाक मारली. जाता जाता मला म्हणाली, "गौराक्का, तेवढं सांगा त्याला. चाकं आज सरळ करायची नाहीत. नवी स्प्रिंग अजून बसायचीय. पंधरा दिवस चालव, मग आण म्हणावं. आज केलं तर स्प्रिंग बसल्यावर परत वाकडं होतं."

म्हणजे पंधरा दिवसांनी परत तिच्या हाताखाली राबणं, परत कंदा. मंजू आला तेव्हा मी म्हटलं, "अक्काला वेळ नाही. चाकं आजच कुठंतरी करून घे म्हणाली." त्यानं चामराजपुरमला, आमच्या घराजवळच करून घेतली.

तीन महिने गेले. त्यात रविवारीही कारखान्यात जादा काम, दुकानाकडं जाणं झालं नाही त्याचं. वरून टायर चांगले दिसत होते. सोसलेच्या मठातून परत येताना एक फुटला. गाडी घसरत कालव्याच्या काठाशी जाऊन थांबली. लागलं नाही कोणाला. मंजूनं उतरून आधी मला बाहेर काढलं. 

दुसऱ्या दिवशी तो तरातरा दुकानात गेला, मी मागं. पद्माक्कानं टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला. पार झिजून तारा वर आल्या होत्या. "चाकं कधी सरळ केलीस रे?"

"त्याच दिवशी. तूच सांगितलंस ना, वेळ नाही, बाहेर कर म्हणून. आई होती गाडीत. काल आई गेली असती."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.

"मीच म्हणाले असेन," ती म्हणाली. "माझं चुकलं."

"या दुकानाची पायरी परत चढणार नाही," म्हणून तो निघाला.

रविवार माझे झाले. मंजू घरी बसायचा, ताटात बघून जेवायचा, बोलायचा नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं आणि घशाखाली उतरत नव्हतं. एक दिवस बस धरून मी तिच्याकडं गेले. विचारलं, "खरं का सांगितलं नाहीत?"

ती पाना पुसत होती. "माझ्यावर रागावला तर घरी जाऊन जेवेल. तुमच्यावर रागावला तर कुठं जेवणार?"

वाटलं होतं, बरं वाटेल. उलट जास्त जळले. तिथंही तीच वरचढ ठरली.

थंडीत ती गेली. छातीत कळ आली आणि दुकानातच बसल्या बसल्या. सकाळी फोन आला. दीर येत नव्हता, अग्नी द्यायला कोणी नव्हतं, मंजूला विचारत होते. तो पायरीवर बसून राहिला. "मी तिला तसलं बोलून आलोय. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी म्हटलं, "ती तसं बोललीच नव्हती. पंधरा दिवस थांब म्हणाली होती. मी खोटं सांगितलं तुला."

त्यानं माझ्याकडं बघितलं.  मग उठला, पायात चप्पलही न घालता गेला. मला ये म्हणाला नाही. मी रिक्षा करून मागून पोचले.

तिच्या दारात मंजू ओल्या पंच्यात, हातात मडकं घेऊन पुढं उभा होता. गर्दीतली एक अनोळखी बाई माझ्याजवळ सरकली. तिनं कन्नडात विचारलं, मडकं धरलंय तो मुलगा कोणाचा?

 त्याला जन्म मी दिला, नखं मी काळी केली.

"तिचाच," मी म्हटलं. "मी आपली बरोबर आलेय."