देवघरातले फ्लॉरेन्स

ती घटना अजून मनातून गेलेली नाही. इंग्रज निघून गेले त्या वर्षी मी साताऱ्यात फौजदार होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. कायद्यापुढे सगळे सारखे, हे मास्तरांनी शिकवले होते आणि मी ते मनापासून मानत होतो.

तिथल्या गोऱ्यांच्या क्लबात युरोपातल्या जुन्या शहरांची चित्रे होती. गेल्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली. क्लब सरकारजमा होताना वरून मोजदादीचा हुकूम आला, तेव्हा भिंती रिकाम्या निघाल्या. क्लबाच्या देशी सेक्रेटरींनी तिथल्या रखवालदारावर संशय घेऊन फिर्याद दिली.

खबर वडूजच्या एका न्हाव्याने आणली. "सायेब, त्यो रखवालदार म्हातारा देवघरात गोऱ्याचं गाव पुजतुया! लोकं लय हसत्यात."

पंच घेऊन म्हाताऱ्याच्या घरी गेलो. देवांच्या टाकांशेजारी चौकट उभी होती. फ्लॉरेन्स शहर, घुमट, पूल, नदी. नदीकाठी काचेवर कुंकू लावलेले.

"बाबा, हे चोरलंत?"

"न्हाई सायेब. जाताना समद्या मेंबरसायबांनीच नेली. मीच टांग्यात ठिवून दिली. शेक्रेटरीसायबाची दोन. ह्ये एक ऱ्हायलं, त्ये मी आणलं."

"पण हेच का?"

"कर्नलसायबानं काठीनं दावलं हुतं, तुजा पोरगा लढाईत हितं पडला म्हनून. आवं, त्येची राखसुदीक आली न्हाई. मग कुकू कुटं लावू?"

माझा हवालदार पुटपुटला, "साहेब, हा गुन्हा कबूल करतोय का फिर्याद देतोय?"

मी जबाबात चित्रे नेणाऱ्यांची सगळी नावे लिहून घेतली आणि त्यांच्या घरांच्या झडत्यांची परवानगी मागितली. वरिष्ठांनी शेरा मारून कागद परत पाठवला. मुद्देमाल मिळाला, आरोपीला कबूल आहे, तपास पुरा.

कोर्टात म्हातारा एवढेच म्हणाला, "शिक्षा द्या, पन चित्र ऱ्हाऊ द्या." त्याला कैद झाली, नोकरीही गेली. चित्र फिर्यादीच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला. सेक्रेटरींनी तिथेच रुमाल ओला करून काच पुसली. "काय घाण करून ठेवलीय!" बेड्या घातलेला म्हातारा दारातून बघत होता.

पुढे नोकरीत मी पुष्कळ चोर पकडले. बहुतेक असेच सापडले, वस्तू लपवायची असते हे ज्यांना सुचले नाही. मोठ्यांच्या दिवाणखान्याची झडती घ्यायला मात्र मला निवृत्तीपर्यंत परवानगी मिळाली नाही.